शुगर, चार डॉक्टर आणि एक वही

पवनी तालुक्यातील एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. तिचे यजमान छप्पन्न वर्षांचे. नऊ वर्षांपासून शुगर. दोन वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत बांधीमध्ये पायाला काहीतरी टोचले. पायाला बधिरपणा असल्यामुळे कळले नाही, दुखले नाही, म्हणून कोणी पाहिलेही नाही. जखम चिघळली आणि शेवटी नागपूरला नेऊन पायाचे एक बोट काढावे लागले. तेव्हापासून घर धास्तावले आहे. बाई लिहितात, आतापर्यंत चार डॉक्टर झाले. एक गावात मोटारसायकलवर येतात ते, एक पवनीचे, एक नागपूरचे मोठे डॉक्टर आणि एक जावयाने सुचविलेले जडीबुटीवाले. प्रत्येकाने काही ना काही दिले आहे आणि आधीच्याचे बंद करा असे कोणीच म्हटले नाही. "आता पिशवीत सहा जातीच्या गोळ्या आहेत. कोणाच्या चालू ठेवू आणि कोणाच्या फेकू, एवढेच सांगा," असा त्यांचा प्रश्न आहे.

या माऊलीने एक शहाणपणाचे काम केले. मुलीकडून सगळ्या गोळ्यांची नावे पाकिटावरून उतरवून पत्राच्या शेवटी लिहिली. ती वाचताना लक्षात आले की त्यांतील दोन गोळ्यांची नावे वेगळी असली तरी औषध एकच आहे, ग्लिमेपिराइड. एक पवनीच्या डॉक्टरांची, एक नागपूरची. कंपनी वेगळी, पाकिटाचा रंग वेगळा, पोटात गेल्यावर मात्र तेच औषध दुप्पट. पत्रात आणखी एक ओळ होती. दुपारी चारच्या सुमारास यजमानांना दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, विनाकारण मुलांवर ओरडतात. घरच्यांची समजूत अशी की शुगर वाढली की असे होते. म्हणून त्या वेळी त्यांना बिनसाखरेचा चहा देतात.

वाचकहो, ही शुगर वाढल्याची लक्षणे नव्हेत, ती उतरल्याची आहेत. घाम, थरथर, छातीत धडधड, भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही सारी रक्तातील साखर खाली गेल्याची खूण असते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजायची, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्यायची आणि मग जेवायला घालायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा. पत्राखाली मोबाईल क्रमांक होता, त्यामुळे उत्तर या पानावर छापून येण्याची वाट पाहिली नाही. गोळ्यांची पूर्ण पिशवी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, असे कळविले. त्याप्रमाणे त्या गेल्या. तेथील डॉक्टरांनी एक गोळी बंद केली आणि दुपारचा घाम थांबला.

पण मला यात बोलायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीवर. या चारांपैकी ज्या दोघांनी ती गोळी लिहिली त्यांनी आपापल्या जागी बरोबरच लिहिले होते. पवनीच्या डॉक्टरांना नागपूरची चिठ्ठी दिसली नाही, नागपूरच्या डॉक्टरांना पवनीची. नेमका धोका निर्माण झाला तो दोघांच्या मधल्या रस्त्यावर, आणि त्या रस्त्याला कोणी डॉक्टर नसतो.

शुगरच्या रोग्याला कायमचा एक डॉक्टर असावा का, आणि असला तर त्याने खरोखर काही फरक पडतो का, यावर जगात बराच अभ्यास झाला आहे. २०१८ साली इंग्लंडमधील पेरेरा ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ देशांतील बावीस अभ्यास एकत्र करून पाहिले. बावीसपैकी अठरा अभ्यासांत असे दिसले की जे रोगी वर्षानुवर्षे त्याच त्या डॉक्टरकडे जातात त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी आहे. नॉर्वेमध्ये २००१ पासून प्रत्येक नागरिकाच्या नावावर एक ठरलेला डॉक्टर असतो. तेथील लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२१ साली जो निष्कर्ष निघाला तो आणखी बोलका आहे. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ असलेल्यांना, डॉक्टर नुकताच बदललेल्यांच्या तुलनेत, अचानक इस्पितळात भरती होण्याची पाळी चतुर्थांशाहून अधिक प्रमाणात कमी वेळा आली आणि मृत्यूचे प्रमाणही सुमारे चतुर्थांशाने कमी होते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात तर खास मधुमेहींवरच हे पाहिले गेले. ज्यांचा डॉक्टर ठरलेला होता त्यांच्या पायांची, डोळ्यांची, रक्ताची तपासणी अधिक नियमाने झालेली आढळली. अशा अभ्यासांत एक मेख असते, तीही सांगितली पाहिजे. जो माणूस मुळात नेमाने वागणारा असतो तोच डॉक्टरही टिकवतो, त्यामुळे फायद्यातला किती वाटा डॉक्टरचा आणि किती त्याच्या स्वभावाचा, हे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. तरीही इतक्या देशांतून एकाच दिशेचे उत्तर येत असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

आपल्या देशाचे चित्र काय आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. हा आकडा २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच पाहणीतून त्याच्या आदल्या वर्षी असे पुढे आले होते की ज्यांना आपला मधुमेह माहीत आहे त्यांच्यापैकी साखर आटोक्यात असलेले शंभरात छत्तीस. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तिन्ही आटोक्यात असलेले शंभरात जेमतेम आठ. औषधे स्वस्त झाली, तपासण्या तालुक्यात आल्या, आणि तरीही आठ!

आपल्याकडची माणसे डॉक्टर का बदलतात, याचा विचार केला म्हणजे त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. तापाला गोळी घेतली की तिसऱ्या दिवशी ताप उतरतो. खोकल्याला औषध घेतले की छाती मोकळी होते. 'गुण आला' हे आपल्याला कळते. मधुमेह हा असा आजार आहे की त्यात औषध लागू पडल्याचे रोग्याला कळतच नाही. दहा वर्षे नीट उपचार झाले तर काय होते? डोळे जात नाहीत, मूत्रपिंड बिघडत नाही, पाय कापावा लागत नाही. म्हणजे काहीच होत नाही. काहीच न होण्यासाठी महिन्याच्या महिन्याला रोजी बुडवून, एस.टी.चे तिकीट काढून, दोन तास रांगेत बसायचे, हे मजुरी करणाऱ्या माणसाला पटावे कसे? मग कोणीतरी भेटतो आणि सांगतो, अमक्या गावी एक वैद्य आहे, एकवीस दिवसांत शुगर मुळासकट काढतो. माणूस तिकडे जातो. इंग्लंडमध्ये १९७७ पासून ५,१०२ मधुमेहींवर वीस वर्षे जो अभ्यास चालला त्याचे निष्कर्ष १९९८ साली निघाले. साखर काटेकोर ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंड यांची हानी चतुर्थांशाने टळते, हे त्यातून सिद्ध झाले. पण खरी नवलाची गोष्ट २००८ साली कळली. अभ्यास संपून दहा वर्षे झाली होती, दोन्ही गटांची साखर सारखीच झाली होती, तरी सुरुवातीला जपलेल्यांना फायदा मिळतच होता. आज घेतलेल्या गोळीचे फळ असे पंधरा-वीस वर्षांनी मिळते. ते मोजायला इतकी वर्षे ओळख असलेला कोणीतरी लागतो.

आपल्या जिल्ह्याचे वेळापत्रक धानाच्या हातात आहे. जुलै-ऑगस्टला रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मे महिन्यात तेंदूपत्ता. मधल्या काळात कोणी कामासाठी नागपूरला, कोणी त्याहून दूर. ज्या महिन्यात पायाला इजा होण्याचा धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्याच महिन्यात दवाखान्यात जायला सवड सर्वांत कमी. लाखांदूरचा, साकोलीचा किंवा तुमसरकडच्या मॅंगनीज खाणीतला माणूस नागपूरला 'मेडिकल'मध्ये किंवा 'मेयो'त एकदा जाऊन येतो. तेथे दर वेळी नवा तरुण डॉक्टर समोर असतो. त्याला पहिल्यापासून सारी हकिकत सांगायची. ती सांगता सांगताच त्याची पाळी संपते.

या विषयावर लिहिताना बाबासाहेबांची आठवण येणे साहजिक आहे, कारण त्यांना स्वतःला मधुमेह होता. १९४७-४८ साली, घटनेचा मसुदा तयार होत असताना, त्यांच्या पायांत असह्य वेदना होत, रात्र रात्र झोप येत नसे. मुंबईत डॉ. माधवराव मालवणकर यांचे उपचार चालू होते. तेथेच काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह केला. त्या विवाहाआधी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली अडचण मोकळेपणाने मांडली होती. शिकलेली आणि वैद्यकीय ज्ञान असलेली व्यक्ती घरात असणे आपल्या प्रकृतीला आवश्यक आहे, असा त्याचा आशय होता. माईसाहेबांविषयी पुढे समाजात जे मतभेद झाले त्यात मी येथे शिरत नाही. त्यांचे म्हणणे त्यांनी 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या १९९० सालच्या आत्मकथनात मांडले आहे. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की देशाच्या कायदेमंत्र्याला, ज्याच्या हाकेला मुंबई-दिल्लीचे नामवंत डॉक्टर धावून आले असते, त्यालाही अधूनमधून भेटणारा डॉक्टर पुरत नव्हता. रोज बघणारे, आज काय खाल्ले, कालच्यापेक्षा आज पाय जास्त दुखतो का, हे जाणणारे माणूस हवे होते.

तो काळही लक्षात घ्या. मधुमेहावर भरवशाचे औषध म्हणजे इन्सुलिनची सुई. आज घरोघरी असलेली मेटफॉर्मिनची गोळी माणसांवर वापरल्याचा पहिला अहवाल १९५७ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या नंतर. बोटाला टोचून घरच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते उकळायचे आणि रंग पाहायचा. निळाच राहिला तर ठीक, हिरवा, पिवळा झाला तर साखर, विटकरी झाला तर फारच. असा आजार अंगावर घेऊन बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडाऱ्यात आले होते, लोकसभेच्या पोटनिवडणुकीचे उमेदवार म्हणून. त्या निवडणुकीत ते हरले, हे आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे आणि सलतेही. त्यांच्या पायांत काय दुखत होते, डोळ्यांना किती कमी दिसत होते, हे मात्र सभेला आलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याच वर्षी पुढे अनेक महिने त्यांना अंथरुणावर काढावे लागले.

आता एक अशी गोष्ट सांगतो जी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे आणि बाहेरच्या डॉक्टरच्या ध्यानात सहज येत नाही. विदर्भाच्या या पूर्व पट्ट्यात सिकलसेल आहे. आदिवासी बांधवांमध्ये आहे, आपल्या समाजात आहे, इतर समाजांतही आहे. आता, शुगर तपासण्यासाठी हल्ली 'तीन महिन्यांची साखर' म्हणून जी तपासणी करतात, ज्याला एचबीए-वन-सी म्हणतात, ती लाल पेशींतील हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर मोजते. लाल पेशी साधारण चार महिने जगते असे त्यात गृहीत धरलेले असते. सिकलसेलच्या पीडित रोग्याच्या पेशी त्याच्या कितीतरी आधी फुटतात. साखर चिकटायला त्यांना वेळच मिळत नाही. अहवालात आकडा छान, कमी येतो आणि प्रत्यक्षात साखर वाढलेली असते. नुसते वाहक असलेल्यांमध्येही फरक पडू शकतो. २०१७ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांवरील अभ्यासात असे दिसले की वाहकांचा आकडा, साखर तेवढीच असताना, सरासरी ०.३ ने कमी येतो. काही यंत्रांच्या पद्धतीतही गोंधळ होतो. उलट बाजूने, आपल्या कित्येक भगिनींना जो लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग असतो त्यात हा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो.

सांगा, पहिल्यांदाच भेटलेल्या डॉक्टरला हे कसे कळावे? त्याच्या हातात एक कागद असतो, त्यावर ६.८ लिहिलेले असते, तो म्हणतो, 'उत्तम, चालू द्या.' पण जो डॉक्टर या घराला ओळखतो, ज्याला माहीत आहे की यांच्या मोठ्या मुलीची सिकलसेलची तपासणी झाली होती आणि आई-वडिलांपैकी कोण वाहक निघाले होते, तो थांबतो. तो उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर मागतो, दोन्ही आकडे जुळतात का ते पाहतो. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे. ज्यांची तपासणी झाली आहे त्यांनी आपला निकाल शुगरच्या डॉक्टरला न विचारता सांगावा. त्याने विचारलेच पाहिजे, असे नाही.

असेच दुसरे उदाहरण. कित्येक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये जीवनसत्त्व बी-१२ कमी होऊ शकते आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. नवा डॉक्टर म्हणेल, शुगरने नस खराब झाली. जुन्याला आठवेल की गोळी नऊ वर्षे चालू आहे, एकदा बी-१२ पाहू या. गुडघेदुखीसाठी कोणी सुई टोचते, कोणी पुडी देते. त्यांत स्टेरॉइड असेल तर साखर उसळते आणि रोगी म्हणतो, पथ्य तर पाळले होते. अंगदुखीच्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्याने आधीच थकलेली मूत्रपिंडे आणखी थकतात. हे सारे एका माणसाच्या नजरेखाली यायला हवे.

आणि पाय. मधुमेहाच्या डॉक्टरने वर्षातून एकदा तरी रोग्याचे जोडे-मोजे काढायला लावून दोन्ही पाय हातात घेऊन पाहावेत, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, नायलॉनच्या बारीक तंतूने किंवा कापसाने स्पर्श करून कळते का ते विचारावे, नाडी चाचपावी. ज्याचे बोट आधीच गेले आहे त्याचे पाय तर दर खेपेस. आपल्या समाजासाठी या साध्या तपासणीचा अर्थ अधिक खोल आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी 'यंग इंडिया'च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकातील एक पत्र दिले आहे. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंत पत्नी आजारी पडली. डॉक्टर आला, पण वस्तीत शिरला नाही. तिला बाहेर आणावे लागले. तिला त्याने हात लावला नाही. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याच्या आणि नवऱ्याने बायकोच्या. ती बाई वाचली नाही. त्या दिवसांपासून आपण बरेच पुढे आलो. आज आपल्यातूनच कितीतरी डॉक्टर, परिचारिका झाल्या आहेत. म्हणूनच म्हणतो, टेबलापलीकडून चिठ्ठी लिहून मोकळा होणारा डॉक्टर, मग तो कोणीही असो, शुगरच्या रोग्यासाठी अपुरा आहे. पाय दाखवायला संकोच करू नका. चिखलाने भेगाळलेले आहेत, काळे आहेत म्हणून लाजू नका. डॉक्टरांनी पाहिले नाही तर आपणच चप्पल काढून म्हणा, साहेब, एकदा बघून घ्या.

आता सरकारी व्यवस्थेविषयी. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांसाठी २०१० साली केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या शंभर जिल्ह्यांत आपला भंडारा होता. ग्रामीण रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांची वेगळी तपासणी होते. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असतो, आशाताई तीस वर्षांवरील माणसांच्या तपासणीसाठी घरोघर फिरतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये भंडाऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटनही झाले. हे सारे चांगलेच आहे. अडचण आहे ती टिकण्याची. प्राथमिक आरोग्य केंद्रात पुष्कळदा बंधपत्रावरचे डॉक्टर येतात. वर्ष झाले की बंधपत्र संपते, मुलगा किंवा मुलगी पुढच्या शिक्षणाला निघून जाते. त्यात त्यांचा दोष नाही. पण रोग्याला ओळख होते न होते तोच पाटी बदलते. ज्या ग्रामपंचायती रस्ता आणि समाजमंदिर यांसाठी निवेदने देतात त्यांनी कधीतरी असेही निवेदन द्यावे की आमच्या केंद्राला डॉक्टर तीन वर्षे तरी टिकू द्या, आणि गोळ्या एक महिन्याऐवजी दोन महिन्यांच्या द्या.

तोवर काय करायचे? जेथे डॉक्टर टिकत नाही तेथे वही टिकवायची. शंभर पानी साधी वही, मुलांच्या शाळेची असते तशी. पहिल्या पानावर नाव, वय, शुगर कोणत्या साली कळली, सिकलसेलची तपासणी झाली असल्यास निकाल, कोणत्या औषधाने त्रास झाला, कोणते ऑपरेशन झाले. त्यानंतर प्रत्येक भेटीला तारीख, वजन, रक्तदाब, साखर आणि त्या दिवसापासून चालू असलेली सगळी औषधे, कोणाचीही असोत. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून केलेली डोळ्यांची तपासणी, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन या तीन गोष्टी वर्षातून एकदा झाल्या पाहिजेत. त्या ज्या महिन्यात झाल्या ते पान दुमडून ठेवायचे. शाळेत जाणारी नात हे काम हौसेने करते. विहारातील महिला मंडळाने पौर्णिमेला जमल्यावर अर्धा तास अशा वह्या भरून देण्यासाठी ठेवला तर त्याला पैसा लागणार नाही. आणि आरोग्य केंद्रात डॉक्टर बदलले तरी सिस्टर आणि आशाताई पुष्कळदा त्याच असतात. त्यांच्याशी ओळख ठेवा. एका गावात मी अशी सिस्टर पाहिली आहे की जिला शंभरावर रोग्यांची इन्सुलिनची मात्रा तोंडपाठ होती, आणि नवीन डॉक्टर चिठ्ठी लिहिण्याआधी तिच्याकडे बघत.

ठरलेला डॉक्टर म्हणजे सारे झाले, असेही समजू नका. काही ठिकाणी ओळख इतकी जुनी होते की दोघांचीही नजर मरते. 'कसे काय, बरे आहे ना? तेच चालू ठेवा.' सहा वर्षे तीच गोळी, सहा वर्षे साखर अडीचशे. यालाही ठरलेला डॉक्टरच म्हणतात. साखर दोन-तीन भेटींत सतत वर राहिली तर औषधात बदल झाला पाहिजे. इन्सुलिनची वेळ आली तर ते सुरू झाले पाहिजे आणि रोग्यानेही सुईला भिऊन पळून जाऊ नये. तुमच्या डॉक्टरने गेल्या वर्षभरात पाय पाहिले नसतील, लघवी तपासायला सांगितले नसेल, तर त्यांना आदराने आठवण करून द्या. दोनदा आठवण देऊनही काही झाले नाही तर मग बदलायला हरकत नाही. फक्त वही बरोबर न्या.

पत्रलेखिका भगिनीचा शेवटचा प्रश्न भिडेचा आहे. गावात येणारे डॉक्टर रात्री-अपरात्री धावून आले, उधारीवर औषध दिले, आता त्यांना कसे सांगायचे की शुगरसाठी दुसरीकडे जातो? बाई, सरळ सांगा. ताप-जुलाबाला, रात्रीच्या वेळी तेच तुमचे आहेत. शुगरची औषधे मात्र पवनीच्या ज्या डॉक्टरांनी यजमानांना सर्वांत जास्त काळ पाहिले आहे त्यांच्याच हातून चालू ठेवा. नागपूरच्या तज्ज्ञांकडे वर्षातून एकदा जा आणि त्यांनी सुचविलेला बदल पवनीला दाखवूनच घ्या. गावच्या डॉक्टरांनी कोणतीही सुई दिली तर तिचे नाव वहीत त्यांच्याच हाताने लिहून मागा. जडीबुटीची पुडी त्यात काय आहे हे कळत नाही तोपर्यंत बंद ठेवा. जावईबापूंना राग आला तर माझे नाव सांगा.

आणि रोवणीचे दिवस जवळ आले आहेत. पऱ्हे उपटायला सुरुवात होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून दोन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या. चिखलात गमबूट रुततात, हे मला ठाऊक आहे. बोट गेलेल्या माणसाने यंदा बांधीत उतरूच नये. धुऱ्यावर बसून जुड्या मोजाव्यात, मजुरांचा हिशेब लिहावा. रोज संध्याकाळी पाय धुऊन, बेचक्या कोरड्या करून, तळवे उजेडात तुम्ही स्वतः बघा. त्यांना वाकून दिसत नसेल, आणि दुखत नाही म्हणून ते सांगणारही नाहीत.